लाकूड कुठून आले?

एफ.वाय.बीएस्सी.च्या परीक्षेची उजळणी करणाऱ्या भाचीने काल प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण एका दमात म्हणून दाखवले, तेव्हा मी दारातल्या आंब्याकडे बोट करून सहज विचारले, की या खोडातले एवढे लाकूड आले कुठून?

"मातीतून, मामा. अजून कुठून?"

मग शास्त्रज्ञ यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट यांचा, १६४८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगावा लागला. फक्त पाणी घालून वाढवलेल्या, कुंडीतल्या विलो या झाडाच्या रोपाचे वजन पाच वर्षांत सुमारे ७५ किलोंनी वाढले आणि मातीचे मात्र जेमतेम ५७ ग्रॅमने घटले. त्यावरून त्यांनी सारे श्रेय पाण्याला दिले, पण तेही अर्धेच खरे. लाकडातला कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो, आणि पाठ केलेले ते समीकरण नेमके हेच सांगत असते.

"मग खत कशाला घालतात?" हा तिचा प्रश्न मला त्या घोकलेल्या उत्तरापेक्षा मोलाचा वाटला. नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतात थोडेच, पण त्यांच्यावाचून डीएनए घडत नाही, एवढे सांगून मी तिला पुढच्या प्रकरणाकडे जाऊ दिले. पेपर सोमवारी आहे.

समीकरणाला गुण मिळतीलच. लाकूड कुठून आले, हे मात्र आपल्या प्रश्नपत्रिका कधी विचारतात का?