तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फात दिवसभर करतोस काय?

गावाकडं गेलं की लग्नात, सलूनमध्ये, एसटीत शेजारी बसलेल्याकडनं, आणि इकडं असलो की फोनवर, मला दोन प्रश्न ठरलेले असतात. थंडी किती असते? आणि लगेच पुढचा, मग दिवसभर करतोस काय तिथं? पहिल्याचं उत्तर सोपंय, जानेवारीत रात्री वजा वीस, कधी वजा पंचवीस, समोरचा "बापरे" म्हणतो आणि विषय संपतो. दुसऱ्याचं उत्तर दिलं की चेहरा पडतो, कारण लोकांना ध्यानबिन, पुस्तकं, हिमबिबट्या असलं काहीतरी ऐकायचं असतं आणि मी सांगतो, पाणी भरतो.

चेष्टा नाही, खरंच दिवसाचा निम्मा वेळ पाण्यात जातो.

आधी जागा सांगतो. हिमाचलच्या स्पितीत किब्बर म्हणून गाव आहे, उंची साधारण ४,२०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या अडीचपट. तिथल्या एका होमस्टेचा मी हिवाळ्यातला राखणदार. घरमालक, ज्यांना मी भाईजी म्हणतो, नोव्हेंबरात म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना घेऊन कुल्लूकडं उतरतात, इकडची बरीच कुटुंबं उतरतात, आणि वर राहतो मी, दोन गायी, देवघर आणि ज्या पाहुण्यांना हिवाळ्यातच यायची खाज असते ते पाहुणे. बरेच जण म्हणतात की आता अटल टनेल झालाय ना, मग रस्ता बाराही महिने चालू असेल. टनेल झाला, २०२० च्या ऑक्टोबरात उघडला, पण तो रोहतांगच्या खालनं लाहौलमध्ये निघतो, आणि लाहौलमधनं स्पितीत यायला पुढं कुंझुम पास लागतो साडेचार हजार मीटरचा, तो बर्फानं बंद झाला की थेट उन्हाळ्यातच उघडतो. त्यामुळं हिवाळ्यात एकच वाट, शिमला, रामपूर, किन्नौर, नाको, ताबो, मग काझा, म्हणजे स्पितीचं मुख्य गाव, आणि तीसुद्धा दरड किंवा हिमस्खलन होऊन अधूनमधून बंद पडतेच.

आता पाणी. चहूकडं बर्फ आहे म्हणजे पाणीच पाणी, असं मलाही वाटायचं आणि मी तर लातूरचा, म्हणजे बर्फ बघून मला पाण्याची टाकीच दिसायची. पण बर्फाचं पाणी करायला जळण लागतं आणि ते किती, हे शाळेत शिकलेलं असतं पण डोक्यात शिरलेलं नसतं. शून्य अंशाचा बर्फ वितळून नुसतं शून्य अंशाचं पाणी व्हायला जेवढी उष्णता लागते, जवळजवळ तेवढ्यात तेच पाणी पुढं ८० अंशांपर्यंत तापतं. म्हणजे अर्धं जळण नुसतं बर्फाचं पाणी करण्यात गेलं, गरम तर अजून काहीच झालं नाही. त्यात इथला ताजा बर्फ एकदम कोरडा, भुसभुशीत, दहाबारा बादल्या वितळवाव्यात तेव्हा कुठं एक बादली भरते. आणि या उंचीवर झाड नाही, लाकूड सगळं खालनं गाडीनं येतं, बाकी शेणाच्या गोवऱ्या. म्हणून बर्फ वितळवणं हा शेवटचा उपाय, झऱ्याची वाट बंद झाली तरच. तेव्हासुद्धा पातेल्याच्या बुडाला आधी थोडं पाणी ठेवायचं, कोरड्या पातेल्यात बर्फ टाकला तर बूड करपतं आणि त्या पाण्याला जो जळका वास लागतो तो चहातसुद्धा मरत नाही.

नळ आहेत, घराघरात आहेत, पण ते उन्हाळ्याचे. नोव्हेंबरात माझं पहिलं काम म्हणजे सगळ्या पाइपांमधलं पाणी काढून टाकणं, टाकी, गीझर, फ्लश, सोलर, सगळं रिकामं, आणि तोट्या उघड्या ठेवायच्या. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं, कुठल्या तरी कोपरात वाटीभर जरी राहिलं तरी पाइप फुटतो, आणि मजा अशी की फुटलेलं हिवाळ्यात कळत नाही कारण आत बर्फच असतो, कळतं एप्रिलमध्ये, सगळं एकदम वितळून भिंतीतनं वाहायला लागलं की. त्यानंतर पाणी फक्त झऱ्याचं. जमिनीच्या आतनं येतं म्हणून गोठत नाही, तोंडाशी बर्फाची कड धरते ती सब्बलनं फोडायची, कॅन भरायचे, काठोकाठ भरायचे नाहीत, पाठीला दोरीनं बांधायचे आणि घरी. अंतर काही फार नाही पण या हवेत दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास, वीस लिटर घेऊन चढावर दोनदा थांबावंच लागतं, आणि वाटेवर सांडलेलं पाणी तिथंच काच होऊन बसतं, त्यावर रोज राख टाकायची, नाहीतर उद्या आपणच आडवे.

हे पाणी कोणाकोणाला लागतं? मला आणि पाहुण्यांना, ते ठीक. पण गायींना सगळ्यात जास्त. त्या खालच्या मजल्यावर बांधलेल्या असतात, दिवसभर कोरडा चारा खातात, आणि बर्फगार पाणी पुढं केलं तर नुसतं हुंगून मान फिरवतात, कोमट करूनच द्यावं लागतं. आणि मग देवघर. बौद्ध घरांमध्ये देवापुढं रोज सकाळी पाण्याच्या सात वाट्या भरतात आणि संध्याकाळी रिकाम्या करून पालथ्या घालतात. भाईजींनी जाताना मला गायींबद्दल अर्धा मिनिट सांगितलं असेल, वाट्यांबद्दल चांगली दहा मिनिटं. मी काही धार्मिक माणूस नाही, पण सकाळी पाठीवर आणलेल्या पाण्यातलं पहिलं तिकडं जातं, आणि ऊन उतरायच्या आत ते काढायचं, विसरलं की वाट्यांमध्ये बर्फाचे फुगे. काढलेलं पाणी गायींच्या बादलीत. यात कुणाचा काही अपमान होत नाही असं शेजारच्या मेमेंनी, म्हणजे आजोबांनी, मला खात्रीनं सांगितलंय.

आंघोळीचं विचारू नका. विचारताच म्हणून सांगतो, आठवड्यातनं एकदा, ऊन असेल त्या दुपारी, काचेच्या खोलीत, एका बादलीत. दक्षिणेकडं काच लावलेली खोली इकडं बऱ्याच घरांत असते, बाहेर वजा दहा असलं तरी दुपारी आत स्वेटर काढून बसता येतं, माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत पहाडात आलेली सगळ्यात कामाची वस्तू हीच आहे. आणि संडास कोरडा, वरच्या खोलीत जमिनीला भोक, शेजारी माती आणि राखेचा ढीग आणि फावडं, खाली वर्षभर साठतं ते शेतात खत म्हणून जातं. पुण्याहून आलेले पाहुणे पहिल्या दिवशी नाक मुरडतात, दुसऱ्या दिवशी फ्लशचा, हिवाळाभर बंद ठेवलेला कमोड दाखवला की गप होतात.

लातूरचा आहे म्हणालो ना, तर २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. आमच्या घरी तेव्हा भांडी घासलेलं पाणी झाडाला, कपड्यांचं संडासला, आणि आई मोजून तांब्या द्यायची. इकडच्या लोकांना मी हे सांगितलं तर त्यांना यात नवल काहीच वाटलं नाही, फक्त एकानं विचारलं की उन्हाळ्यात पाणी नसतं म्हणजे मग बर्फ कुठं जातो तुमचा. मला वाटतं भाईजींनी मला ठेवून घेतलं ते ट्रेकिंगच्या सर्टिफिकेटमुळं नाही, पहिल्याच दिवशी मी तांदूळ धुतलेलं पाणी गायीसाठी बाजूला ठेवलं त्यामुळं.

हवामान बघायचं तेही पाण्यासाठीच. इकडं पावसाळा पोचत नाही, पीर पंजालच्या रांगा ढग अडवतात, जो काही ओलावा येतो तो हिवाळ्यात, वेस्टर्न डिस्टर्बन्समधनं, म्हणजे भूमध्य समुद्राकडनं पश्चिमी वाऱ्यांबरोबर येणाऱ्या ढगांमधनं. हा बर्फ चांगला पडला तर उन्हाळ्यात झरे आणि शेताचे पाट चालतात, नाही पडला तर जवाचं आणि मटाराचं पीक गेलं. म्हणून पाहुणे बर्फ पडताना फोटो काढतात आणि गावातले लोक छतावर काठी रोवून किती पडला ते बघतात. थंडीबद्दल एक गोष्ट मात्र लोकांना उलटी वाटते, बर्फ पडत असतो ती रात्र त्यातल्या त्यात उबदार असते, ढगांमुळं जमिनीची उष्णता वर निसटत नाही. खरी रात्र त्याच्यानंतरची. आकाश मोकळं झालं, तारे स्वच्छ दिसायला लागले की मी कॅन तंदूरजवळ, म्हणजे खोली तापवायच्या धुराड्याच्या चुलीजवळ, ओढून घेतो, मोबाईल अंथरुणात घेतो, कारण बाहेर ठेवला तर बॅटरी सकाळपर्यंत जीव सोडते, आणि बटाटे, अंडी पोत्यात गुंडाळतो. सकाळी पायाखाली बर्फ करकरला की समजायचं पारा बराच खाली आहे.

बर्फ पडला की त्या दिवशी मात्र पाणी नंतर, आधी छत. इकडची घरं म्हणजे आमच्या मराठवाड्यातली माळवदंच, सपाट, मातीची, लाकडांवर काड्या आणि त्यावर माती. पहाटे उठून लाकडी फळीनं बर्फ खाली ढकलायचा, ऊन लागायच्या आत, कारण दुपारी तो वितळायला लागला की माती पाणी पिते, रात्री तेच गोठतं, भेगा पडतात आणि मग गळती. अख्खं गाव छतावर असतं, एकमेकांना हाका मारत, ज्यांची माणसं खाली गेलीत त्यांचीही छतं शेजारी साफ करतात, आणि गॉगल घातला नाही तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. ही सकाळ मला हिवाळ्यातली सगळ्यात आवडते, पाठ मोडते तरी.

बाकीची कामं पटकन सांगतो. गॅस सिलेंडर भरलेला असला तरी शेगडी धड पेटत नाही, आतला ब्युटेन थंडीत द्रवच राहतो, म्हणून सिलेंडर स्वयंपाकघरात, पण तंदूरपासून लांब. पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, तुरीची डाळ कुकरशिवाय शिजायचं नाव घेत नाही. डिझेल घट्ट होतं, गाडी काढायची तर सकाळचा वेळ गाडीखाली निखारे ठेवण्यात जातो. आणि एक गोष्ट प्रत्येक पाहुण्याला मी रागावूनच सांगतो, झोपताना कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवायची नाही. त्यातनं जो विषारी वायू निघतो त्याचा वास येत नाही, धूर दिसत नाही, आणि माणूस उठत नाही. तंदूरला धुराडं आहे, तो चालतो, तोही रात्री विझू द्यायचा आणि दोन रजया घ्यायच्या.

एकटं वाटत नाही का, हा आईचा प्रश्न. आई, संध्याकाळी मी मेमेंच्या स्वयंपाकघरात असतो, तंदूरभोवती पाचसात जण, कुणी लोकर कातत असतं, कुणी पत्ते, थुक्पा, म्हणजे शेवयांचं सूप, असतो, छांग, म्हणजे जवाची घरची दारू, असते (हे तू वाचलं नाहीस), आणि बोलणं कशावर चालतं तर कुठल्या झऱ्याचं तोंड बुजलं, कुणाची गाय व्यायली, काझ्याचा रस्ता जेसीबीनं उघडला का. लातूरला फ्लॅटमध्ये शेजारी कोण राहतो हे मला माहीत नव्हतं.

शेवटचा प्रश्न, आम्ही आलो तर चालेल का. या की. फेब्रुवारी-मार्चमध्ये भरल, म्हणजे निळ्या मेंढ्या, चरायला खाली येतात, त्यांच्यामागं हिमबिबट्या येतो, तो बघायला हल्ली दुनियेतनं फोटोवाले येतात आणि गावातल्या पोरांना त्यातनं काम मिळतं. पण चंदीगडहून दोन दिवसांत वर पळू नका, किन्नौरमध्ये थांबा, काझ्यात दोन रात्री काढा, बीपी किंवा दम्याचा त्रास असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांशी बोला. कॉटन नको, लोकर आणा. आणि निघताना नाही, निदान चार दिवस आधी किती जण आहात ते कळवा, आलात त्या दिवशी मला तुमचं पाणी भरून ठेवलेलं हवं.