आमची वाटचाल : आकडा झाकून ठेवा म्हणणारे आम्ही

आम्ही कॉमेंट आणि व्होटिंगची सिस्टिम बनवतो, टीम छोटी आहे. मध्यंतरी जवळपास बंद पडलो होतो हे या लाइनमधल्या सगळ्यांना माहितीये, पण का, ते लोक चुकीचं सांगतात, म्हणून लिहायला बसलो. सुरुवातीची वर्षं बरी गेली, कामं येत होती, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

तर झालं असं की आमचा सगळ्यात मोठा क्लायंट एका स्पर्धकाने पळवला. त्यांच्या डेमोत काय, तर प्रत्येक कॉमेंटखाली पहिल्या मिनिटापासून मतांचा ठळक आकडा, वर-खाली बाण, शिवाय रोजचे टॉप टेन. म्हणे एंगेजमेंट वाढेल. वाढतेच हो, भांडणांनी वाढते! आम्ही घसा कोरडा करून सांगत होतो की पहिले काही तास आकडा झाका. हे आमच्या मनाचं नव्हतं. 2013 साली 'सायन्स' या संशोधन-नियतकालिकात मुचनिक, अराल आणि टेलर यांचा प्रयोग आलाय, कॉमेंट पडल्या पडल्या मुद्दाम एक प्लस मत दिलं तर तिचा शेवटचा स्कोअर सरासरी 25 टक्के वर गेला. एका मताने! खोटं मायनस दिलं तर लोकांनी ते भरून काढलं, फुगवलेलं मात्र तसंच राहिलं. म्हणजे ज्याच्याकडे चार फेक अकाउंट त्याचं राज्य. क्लायंट म्हणाला, लोकांना आकडा बघायला आवडतो. विषय संपला. पगार थकले, सर्व्हर कमी केले, माणसं सोडून गेली, त्यातला एकजण तर थेट त्या स्पर्धकाकडेच, ते अजून मनाला लागतं.

त्या काळात टिकलो ते एका मॅडममुळे. दीर्घ आजाराच्या पेशंटसाठी त्या कम्युनिटी चालवतात, तिथे लोक औषधाचा त्रास, भीती, सगळं लिहितात. मॅडमनी पहिल्याच मीटिंगला विचारलं, "अहो, 'मला पटलं नाही' आणि 'हे धोकादायक आहे' या दोन्हीला एकच बटण कसं काय?" इतका स्वच्छ प्रश्न मला आजवर दुसऱ्या कुठल्या क्लायंटने विचारलेला नाही. आम्ही मायनस काढून टाकलं आणि रिपोर्ट करताना कारण निवडणं सक्तीचं केलं: चुकीची वैद्यकीय माहिती, जाहिरात, वैयक्तिक हल्ला. प्रत्येक कारणाची रांग वेगळी, वैद्यकीय माहितीची रांग सगळ्यात आधी उघडते. आमचे हाल कळल्यावर मॅडमनी पुढचं बिल ॲडव्हान्समध्ये भरलं, आम्ही मागितलं नव्हतं.

सॉर्टिंगला, म्हणजे कॉमेंटचा क्रम लावायला, आम्ही आजही विल्सन स्कोअरची खालची मर्यादाच वापरतो, म्हणजे मतं कमी असतील तर कमीच धरणारा सावध अंदाज, 1927 चं गणित आहे आणि अजून खणखणीत चालतंय. नुसती टक्केवारी लावली तर 1 पैकी 1 मतवाली कॉमेंट 50 पैकी 40 वालीच्या डोक्यावर बसते, विल्सन पहिलीला 0.21 देतो आणि दुसरीला 0.67. रेडिट या चर्चेच्या साइटचं 'बेस्ट' सॉर्टिंग 2009 ला याच्यावरच आलं. पण तेवढ्यावर भागत नाही, वर असलेली कॉमेंट वर आहे म्हणूनच जास्त वाचली जाते आणि मतं खाते, त्यामुळे नवीन कॉमेंटना अधूनमधून वरची जागा द्यावी लागते. तो कोड आम्ही स्वतः लिहिलाय आणि त्याचा मला अभिमान आहे.

नवीन सिस्टिम लावणाऱ्यांना एक सांगतो, मायनस ठेवायचंच असेल तर फुकट ठेवू नका. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर उत्तराला डाउनव्होट, म्हणजे मायनस मत, दिला की देणाऱ्याचाही 1 पॉइंट जातो, त्यामुळे माणूस दाबण्याआधी विचार करतो. स्लॅशडॉट या टेक बातम्यांच्या साइटने मॉडरेशनचे, म्हणजे दुसऱ्यांच्या कॉमेंट वर-खाली करण्याचे, पॉइंट मोजकेच दिले आणि तेही थोड्या दिवसांपुरते, म्हणजे कुणी कायमचा दादा होत नाही. आणि कॉमेंट उडवली तर ज्याची उडवली त्याला कारण कळवा, प्लीज, निम्मी चिडचिड तिथेच थांबते.

तो मोठा क्लायंट काही परत आला नाही. आणि आता त्याच स्पर्धकाच्या ब्रोशरमध्ये 'सुरुवातीला स्कोअर झाकण्याची सोय' नवीन फीचर म्हणून छापलीये. नवीन! मॅडमकडे ती पहिल्या दिवसापासून चालू आहे, कुणीही त्यांना विचारून घ्या.