तुम्ही विचारलंत म्हणून: मी ज्येष्ठतेच्या बाजूने का?

लेकीकडे नेरूळला जाताना ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीत आमच्या जुन्या ऑफिसातल्या मुली भेटतात आणि हमखास विचारतात, "मॅडम, तुम्ही कामात एवढ्या पक्क्या, मग पदोन्नतीत ज्येष्ठताच हवी असं का म्हणता?"

कारण गुणवत्ता कागदावर कशी उतरते ते मी भोगलंय. बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात मी वरिष्ठ लिपिक होते. आस्थापना आणि आवक-जावक ही दोन्ही टेबलं सांभाळत होते, त्याच वर्षी माझ्या गोपनीय अहवालात, म्हणजे साहेब आमच्या कामावर दरवर्षी लिहायचे त्यात, 'ब' पडला. वरच्या पदाला 'ब+' लागत होता. शेरा प्रतिकूल असता तर कळवला असता; 'ब' म्हणजे चांगला, म्हणून कोणी कळवलाच नाही. विभागीय पदोन्नती समितीची बैठक झाली, यादीत माझ्या खालच्या दोघांची नावं लागली, तेव्हा मला कळलं. शेरा देणारे साहेब तोवर निवृत्त झाले होते. विचारायचं कोणाला?

पुढे २००८ मध्ये देव दत्त नावाच्या अभियंत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बरी असो वा वाईट, अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. त्या अभियंत्याला 'चांगला' शेरा होता आणि पदोन्नतीला 'खूप चांगला' हवा होता. तो निकाल वाचताना माझे हात थरथरत होते.

ज्येष्ठता यादीचं तसं नसतं. ती सगळ्यांसमोर येते, नेमणुकीची तारीख चुकली तर हरकत घेता येते. दोघी सहकाऱ्यांच्या हरकती मी स्वतः लिहून दिल्या होत्या आणि यादी दुरुस्त झाली.

नुसती वर्षं भरली म्हणून वर आलेले साहेबही मी पाहिलेत. एकांच्या टेबलावर पेन्शनच्या फायली महिनोन् महिने पडून असायच्या. कळव्याहून एक बाई नवऱ्याच्या पेन्शनसाठी चार खेपा घालून गेल्या, त्यांचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. पण १९९८ च्या ग्रामीण बँकांच्या खटल्यात, म्हणजे बी. व्ही. शिवय्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ज्येष्ठतेला गुणवत्तेची जोड देणाऱ्या पदोन्नतीच्या नियमाचा अर्थ स्पष्ट केला आहे: आधी त्या पदाला लागणारी किमान गुणवत्ता तपासा, ती असेल तर ज्येष्ठ माणूस पुढे. आमच्याकडे ही तपासणी कोणी मनापासून केलीच नाही. विभागीय चौकशी चालू नाही ना, मग पात्र! त्या किमान पातळीची खरी परीक्षा घ्या, तिथे नापास झालेल्याला थांबवा, माझी काहीच हरकत नाही. साहेबांच्या बंद पाकिटातल्या मताला मात्र मी गुणवत्ता म्हणणार नाही.

परवा गाडीतल्या चौघींना विचारलं, "यंदाचा शेरा पाहिलात का?" एकीनेच पाहिला होता. बाकीच्या तिघींना अहवालाची प्रत मागायचा अर्ज कसा लिहायचा, ते तुर्भे येईपर्यंत सांगत होते.