लावणीनंतरचे सहा आठवडे

अंगणवाडीची मुख्यसेविका म्हणून निवृत्त झाल्यावरही दक्षिण रायगडात खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका कातकरवाडीत, म्हणजे कातकरी आदिवासींच्या वस्तीत, माझे जाणे-येणे चालू राहिले आहे. त्या वाडीतील नऊ वर्षांची एक मुलगी अजून आधाराशिवाय उभी राहू शकत नाही. जन्मल्यावर ती लगेच रडली नव्हती आणि मान धरायलाही तिला फार उशीर झाला, हे तिच्या आईने मला पहिल्याच भेटीत सांगितले होते. डॉक्टरांनी पुढे सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणे, असे निदान केले. निदान झाल्यापासून दिव्यांगत्वाचा दाखला हातात पडेपर्यंत चार वर्षे गेली, आणि व्यायामाने तिच्या पायांचे स्नायू मोकळे राखता आले असते तीच ही वर्षे होती.

हे कुटुंब दिवाळी झाली की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. मी नोकरीत असताना पाहिलेली बहुतेक तपासणी शिबिरे मात्र आर्थिक वर्ष संपत आले की, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये होत असत, आणि तेव्हा वाडीत म्हातारी माणसे व कोंबड्या एवढेच उरलेले असे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. त्यातील एक फेरी हिवाळ्यात आली की स्थलांतरित मुले हुकतात. शेवटी आम्ही पावसाळ्यात मुलीला झोळीत घालून डोंगर उतरवले, टेम्पोने एसटी थांब्यापर्यंत नेले आणि तेथून पुढे दाखल्यासाठी रुग्णालयात गेलो, तर त्या दिवशी संबंधित तज्ज्ञ उपलब्ध नव्हते. दुसऱ्या खेपेला रेशनकार्डावरील नाव आणि आधारवरील नाव जुळले नाही. प्रत्येक खेपेला आईचा दोन दिवसांचा रोज बुडाला. दाखला असलेल्या दिव्यांग प्रवाशाला एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते, पण दाखला मिळवण्यासाठी कराव्या लागणाऱ्या प्रवासात ती कशी मिळणार?

कायद्याकडे पाहिले तर तो उदार आहे. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते एकवीस केले आणि त्यांत आदिवासी भागांत जास्त आढळणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराचाही समावेश केला. त्याच अधिनियमाच्या २५व्या कलमात मोफत आरोग्यसेवा, विशेषतः ग्रामीण भागात, राहत्या परिसरात मिळावी असे म्हटले आहे. ‘परिसर’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्या वाडीच्या परिसरात पायवाट, विहीर आणि अंगणवाडीची एक खोली आहे. सेवेची सुरुवात त्या खोलीतून व्हायला हवी.

२०११च्या जनगणनेत देशातील २.२१ टक्के लोक दिव्यांग नोंदले गेले, तर अनुसूचित जमातींमध्ये हे प्रमाण २.०५ टक्के होते. कुपोषण, घरी होणारी बाळंतपणे, सर्पदंश आणि भट्टीवरचे अपघात जवळून पाहिलेल्या मला हा कमी आकडा सुदृढतेचा वाटत नाही. ती गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. भट्टीवरच्या झोपड्यांतही प्रगणक पोहोचले असतील, परंतु परक्या गावी, परक्या माणसाला ‘घरात कोणाला दिव्यांगत्व आहे का’ या प्रश्नाचे खरे उत्तर किती आया देतील, याविषयी मला शंका आहे. कातकरी बोलीत मुलाला ‘अशक्त’ म्हणणे सोपे असते. सरकारी नोंदीतला शब्द त्यांच्या ओळखीचा नसतो.

साधनांविषयीही थोडे लिहायला हवे. या मुलीला मिळालेली चाकांची खुर्ची गुळगुळीत फरशीवर चालण्यासाठी बनवलेली आहे. जांभ्याच्या चढावर आणि लावणीच्या चिखलात तिची चाके फिरत नाहीत, शिवाय खाऱ्या हवेने दोन पावसाळ्यांत तिचे सांधे गंजले. सध्या ती खुर्ची डोंगराच्या पायथ्याशी एका किराणा दुकानाच्या पडवीत उभी आहे. रुंद चाकांची, गंज न लागणारी आणि तालुक्याच्या गॅरेजमध्ये दुरुस्त होईल अशी खुर्ची दिली असती, तर मुलगी रोज शाळेच्या दारापर्यंत गेली असती.

कातकरी ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक आहे आणि नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात अशा जमातींसाठी फिरत्या वैद्यकीय पथकांची तरतूद आहे. या पथकाबरोबर वर्षातून एकदा दाखला देणारे डॉक्टर आणि महिन्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट आले, तर झोळीची गरजच उरणार नाही. कागदपत्रांचा घोळ सोडवण्यासाठी पेण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचा कर्मचारी त्याच दिवशी सोबत असावा. वाडीतीलच एखाद्या शिकलेल्या मुलीला मानधन देऊन व्यायाम शिकवावेत, म्हणजे ती भट्टीवरही सोबत जाईल आणि आईशी तिच्याच बोलीत बोलेल. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. लहान पंचायतीत ती थोडी असली, तरी मानधनाचा काही भाग त्यातून निघू शकतो.

भाताची लावणी उरकल्यापासून कापणी सुरू होईपर्यंतचे सुमारे सहा आठवडे सगळी वाडी घरी असते. याच काळात शिबिर घ्यावे, असा अर्ज आम्ही वाडीतील बायकांच्या अंगठ्यांसह आणि सह्यांसह दिला आहे. पहिला अंगठा या मुलीच्या आईचा आहे.