लाइव्ह मायग्रेशनची चाचणी घेताना: माझा अनुभव

महाप्याच्या आमच्या कार्यालयात केव्हीएम (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवण्याची लिनक्समधली सोय) आणि लिबव्हर्ट (ते आभासी संगणक सांभाळणारे सॉफ्टवेअर) यांवर आधारलेली व्यवस्था वापरात आणायचे ठरले, तेव्हा ती आधी पारखून घेण्याचे काम माझ्याकडे आले. सर्व्हर रबाळ्याच्या डेटा सेंटरमध्ये असल्याने सारी चाचणी दुरूनच घ्यायची होती. व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, तयार करणे, डिस्क जोडणे वगैरे सुरळीत पार पडले. खरा कस लागला तो चालू व्हीएम न थांबवता दुसऱ्या सर्व्हरवर हलवताना, म्हणजेच लाइव्ह मायग्रेशनच्या वेळी.

पहिली अडचण सीपीयूची निघाली. दोन्ही सर्व्हर इंटेलचेच, पण वेगवेगळ्या पिढ्यांचे होते आणि व्हीएमला ‘होस्ट-पासथ्रू’ (सर्व्हरचा सीपीयू जसाच्या तसा दाखवणारा पर्याय) दिलेले असल्याने नव्या सर्व्हरवरच्या एव्हीएक्स-५१२ सूचना (सीपीयूच्या काही खास आज्ञा) तिला मिळालेल्या होत्या, ज्या जुन्यावर नव्हत्याच. दोन्ही सर्व्हरना चालेल असे सामायिक सीपीयू मॉडेल लिबव्हर्टच्याच आज्ञेने काढून मी व्हीएमचे वर्णन असलेल्या एक्सएमएल फाइलमध्ये घातले. असा बदल व्हीएमच्या आतून रीबूट करून लागू होत नाही, ती पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावी लागते, हे येथे आवर्जून नोंदवतो. त्यानंतर फायरवॉलमध्ये मायग्रेशनसाठी लागणारे ४९१५२ ते ४९२१५ हे पोर्ट उघडले आणि रिकामी व्हीएम काही क्षणांत पलीकडे गेली.

मात्र रिकाम्या व्हीएमच्या यशावर विसंबणे मला पटत नव्हते, कारण न वापरलेली मेमरी जवळपास पाठवावीच लागत नाही. म्हणून १६ जीबी रॅमच्या व्हीएमवर पोस्टग्रेस या डेटाबेसचा भार चालू ठेवून तीच चाचणी घेतली, तेव्हा मायग्रेशन संपेचना. खिडकीतली प्रगती दाखवणारी पट्टी शेवटाजवळ जाऊन थबकली होती. ‘डोमजॉबइन्फो’ (मायग्रेशनची प्रगती आकड्यांत दाखवणारी लिबव्हर्टची आज्ञा) पाहिल्यावर मात्र उरलेली मेमरी काहीशे एमबीपर्यंत उतरते आणि पुन्हा चढते, असे स्पष्ट दिसले. एक गिगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला फार तर १२५ एमबी जातात आणि डेटाबेस त्याहून वेगाने मेमरीची पाने (तिचे छोटे तुकडे) बदलत होता, त्यामुळे पाठवलेलीच पाने पुन:पुन्हा पाठवावी लागत होती.

यावरचा ‘ऑटो-कन्व्हर्ज’ हा पर्याय चालू केल्यास व्हीएमचा सीपीयू आधी २० टक्क्यांनी आणि मग १०-१० टक्क्यांनी आवळला जातो. मायग्रेशन पूर्ण होते, पण तेवढा वेळ डेटाबेसला केलेल्या क्वेरी (विचारणा) रेंगाळतात. ‘पोस्ट-कॉपी’ या दुसऱ्या पर्यायात व्हीएम आधी पलीकडे चालू होते आणि उरलेली पाने मागाहून येतात, मधेच जोडणी तुटली तर पूर्ण मेमरी कोणत्याच बाजूला नसते, म्हणून डेटाबेससाठी मी त्याला अहवालात ठाम विरोध नोंदवला. अखेरीस मायग्रेशनसाठी १० गिगाबिटची स्वतंत्र जोडणी घेतली आणि त्याच भाराखाली व्हीएम कोणतीही क्वेरी न तुटता पलीकडे गेली. आता आमच्या स्वीकृती चाचणीत मायग्रेशन भाराखालीच तपासले जाते आणि ‘डोमजॉबइन्फो’च्या नोंदी अहवालाला जोडल्या जातात.