15 मिमी स्पेसर आणि लांब स्टड: पुढची दोन चाकं झाली, मागची बाकी

मंडळी, मागच्या नोंदीत टायर सस्पेन्शनच्या स्ट्रटला (स्प्रिंग आणि शॉक अब्झॉर्बरच्या उभ्या खांबाला) लागायला आल्याचं लिहिलं होतं. मूळ रिम 6 इंचाची, नवी अलॉय 7 इंचाची, ऑफसेट (रिमची मधली रेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतलं अंतर) दोन्हींचा 45 मिमी. म्हणजे टायरची आतली बाजू जवळजवळ 13 मिमी आत गेली, बाहेरची तितकीच बाहेर. आतला खांदा आणि स्ट्रट यांच्यात एक पातळ पट्टीच काय ती जाईल एवढीच फट राहिली होती. स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची धातूची चकती, टाकायचाच होता, प्रश्न किती जाडीचा एवढाच होता.

मनात आधी 10 मिमी होता. पण हबच्या (ज्यावर चाक बसतं त्या फिरत्या भागाच्या) मधोमध जी गोल कड बाहेर येते, जिच्यावर चाक बरोबर मध्यावर बसतं, ती माझ्या गाडीत 9 मिमी उंच आहे. 10 मिमीचा स्पेसर ती कड जवळजवळ पूर्ण गिळतो. स्पेसरला पुढच्या बाजूला स्वतःची कड हवी, आणि माझ्या अलॉयचं मधलं भोक हबइतकंच, 54.1 मिमी आहे. म्हणजे ती कड उभी राहणार जेमतेम 1 मिमी धातूवर. 15 मिमीच्या स्पेसरमध्ये तिथे 6 मिमी धातू उरतो. म्हणून 15 घेतला. आता ऑफसेट झाला 30, दोन्ही चाकांमधलं अंतर त्याच रिमच्या हिशेबाने 30 मिमीने वाढलं, आणि टायरची बाहेरची बाजू मूळच्यापेक्षा सुमारे 28 मिमी बाहेर आली. टायर मडगार्डखाली बसतो, पण जेमतेम. बेअरिंगवरचा भार वाढतो हे मान्य करूनच हा निर्णय घेतला आहे.

एक 5 मिमी आणि एक 10 मिमी असे एकावर एक रचून 15 करता येतात का, असं एकाने विचारलं होतं. कृपया करू नका. प्रत्येक जोडाच्या जागी एक नवा पृष्ठभाग येतो, आणि प्रत्येक पृष्ठभागावर गंज, कचरा, रंगाचा थर अडकायला जागा मिळते.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी ही नोंद लिहितोय. चाक स्टडवर (हबमधून बाहेर येणाऱ्या, नट लावायच्या आट्यांच्या दांड्यांवर) टेकून उभं नसतं. नट आवळले की स्टड किंचित ताणले जातात, तो ताण चाकाला हबवर दाबून धरतो, आणि त्या दाबातून येणारं घर्षण सगळा भार पेलतं. हा दाब गेला की चाक स्टडना आडवं वाकवायला लागतं, आणि मग ते तुटायला वेळ लागत नाही. स्पेसर कितीही चांगल्या अ‍ॅल्युमिनियमचा असो, नट पुरेसे आटे धरत नसेल तर त्याचा उपयोग शून्य.

किती आटे पुरेसे? स्टडच्या व्यासाइतकी लांबी तरी नटाने धरायला हवी, हा जुना आणि भरवशाचा हिशेब. माझा स्टड 12 बाय 1.25, म्हणजे व्यास 12 मिमी आणि एका फेऱ्यात नट 1.25 मिमी पुढे जातो. 12 मिमीसाठी दहा फेरे. 12 बाय 1.5 वाल्यांना आठ, 14 बाय 1.5 वाल्यांना साडेनऊच्या आसपास.

मी मोजलं असं: नटाच्या एका कडेवर पांढऱ्या मार्करची रेघ ओढली, चाक बसवलं, आणि नट हाताने फिरवत रेघ वर आली की एक फेरा धरला. स्पेसरशिवाय नट टेकेपर्यंत 14 फेरे. स्पेसर घातल्यावर दोन. दोनच! पाना लावला असता तर नट घट्ट झाल्यासारखा वाटलाही असता, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात आटे सोलून बाहेर आला असता. नटाच्या तोंडाशी आटे थोडे उतरते असतात, त्यामुळे पहिला फेरा मी पूर्ण धरतही नाही.

म्हणून 15 मिमी जास्त लांबीचे, 10.9 ग्रेडचे (जास्त ताकदीच्या पोलादाचे) स्टड. 25 मिमी जास्तीचेही मिळत होते, पण माझे नट टोपीसारखे बंद तोंडाचे आहेत. फार लांब स्टड आत तळाला टेकतो, टॉर्क रेंच (ठरवलेला पीळ आला की खूण देणारा पाना) टक् करतो, आणि चाक मात्र दाबलेलंच नसतं. आरपार भोकाचे नट असतील तर ही भीती नाही.

पहिला संच परत करावा लागला. आटे बरोबर, लांबी बरोबर, पण डोक्याजवळचा खाचांचा पट्टा 13 मिमीचा निघाला. माझ्या जुन्या स्टडचा व्हर्नियरवर 14.3 भरला होता. नवा स्टड हबच्या भोकात बोटाने सहज गेला. खाचांचा पट्टा भोकात रुतून बसला नाही, तर नट आवळताना स्टड जागेवर फिरतो, आणि पुढे कधी तो नट काढता काढता माणूस रडकुंडीला येतो. उलट पट्टा जास्त जाड असेल तर हबला चीर जाऊ शकते. जुना स्टड काढूनच मोजा, गाडीच्या नावावर विसंबून मागवू नका.

जुने स्टड हातोड्याने ठोकून काढायचे नाहीत, प्रत्येक ठोका बेअरिंगच्या आत जातो. मी हब काढून प्रेसवर नेला. लांब स्टडला डिस्कमागच्या पत्र्यामुळे आत शिरायला जागाच नव्हती, त्यामुळे तसाही हब काढावाच लागला. बसवल्यावर प्रत्येक डोक्याखाली 0.05 मिमीची फीलर पट्टी (फट तपासायची पातळ पट्टी) घालून पाहिली. चारपैकी एका ठिकाणी ती अर्ध्यापर्यंत गेली. तो स्टड परत प्रेसखाली घेतला, मग पट्टी कुठेच शिरली नाही.

हबच्या पृष्ठभागावर कडेच्या मुळाशी गंजाचं एक कडं होतं, नखाला लागेल एवढंच. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने ते काढलं, डिस्कचा छोटा स्क्रू पृष्ठभागाच्या वर येत नाही ना ते पाहिलं. मग स्पेसरच्या मागे मार्करने पातळ थर दिला, हबवर दाबून थोडा फिरवला आणि काढला. शाई सगळीकडे सारखी पुसली गेली होती, म्हणजे स्पेसर सपाट टेकतोय. गंज न काढता हीच चाचणी केली तेव्हा फक्त आतल्या कड्याजवळची शाई गेली होती.

आट्यांना तेल किंवा ग्रीस लावलं नाही. पुस्तिकेतला 100 न्यूटन-मीटरचा आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे. तेलकट आट्यांवर तोच टॉर्क स्टडला बराच जास्त ताणतो. फक्त मधल्या कडेवर गंजरोधक पेस्टचा अगदी पातळ हात फिरवला. नटाचा उतार आणि चाकाची बैठक दोन्ही 60 अंशांच्या शंकूच्या आहेत, तेही जुळवून घेतलं. गोल बैठकीच्या चाकावर शंकूचा नट नुसत्या एका रेघेवर टेकतो.

चाक हवेत असताना समोरासमोरचे नट आळीपाळीने 40 पर्यंत, मग 70, आणि टायर जमिनीला टेकवून 100. आता चौदा फेरे मिळतात.

50 किलोमीटर चालवून गाडी गार झाल्यावर पुन्हा रेंच लावला. डाव्या चाकाचे दोन नट किंचित फिरले, उजव्याचा एकही नाही. 100 किलोमीटरनंतर एकही हलला नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून, मागे माणसं बसवून घासल्याच्या खुणा शोधल्या; डाव्या मडगार्डच्या प्लास्टिक अस्तरावर एक बोटभर चकचकीत पट्टा दिसला. अस्तराची क्लिप सरकली होती, ती बसवली.

मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आणि लांब स्टडचं डोकं ब्रेकशूजवळून जातं की काय हे ड्रम उघडल्याशिवाय कळणार नाही. पुढच्या रविवारी उघडतो, मोजमापं इथेच लिहितो. तोवर मागे मूळ रिम, मूळ स्टड.