शेपटी

देवगड, १४ जुलै

रात्रभर धो धो. लाइट साडेदहाला गेली ती पहाटे साडेचारला आली. पाच वाजता आई देवपूजेसाठी फुलं काढायला उठली आणि पडवीतून हाक आली, "अरे, ही तुझी पाल शेपटी टाकून खंय गेली?"

पडवीतल्या काचेच्या टाकीत माझे दोन लेपर्ड गेको, म्हणजे पाळायच्या पाली: मोठ्या आणि लहान्या. धावत गेलो तर लहान्याची शेपटी एकटीच वळवळत होती. रक्त म्हणाल तर जेमतेम थेंबभर. लहान्या करवंटीखाली डोळे मिटून बसलेला (लेपर्ड गेकोला पापण्या असतात, भिंतीवरच्या पालीला नसतात), आणि मोठ्या मात्र गरम लादीवर ऐसपैस. खाली हीटमॅट (विजेवर तापणारी चटई) एकच. सहा तास गारठल्यावर दोघंही त्याच लादीकडे गेले असणार.

दुकानदारानं "जोडी" म्हणून दिली होती. तेव्हा ती बोटभर पिल्लं, त्या वयात नर-मादी कळत नाही. आज दोघांना काचेच्या ताटलीवर ठेवून खालून टॉर्च मारला. मागच्या पायांच्या मध्ये मेणचट ठिपक्यांची उलट्या व्हीसारखी ठसठशीत रांग. दोघांनाही. म्हणजे दोन्ही नर, एका टाकीत भांडणारच.

राग दुकानदाराचा कमी, माझाच जास्त. मोठ्या लहान्याच्या पाठीवर पसरून झोपायचा, त्याचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला होता, 'जोडीचं प्रेम' म्हणून. प्रेम कसलं, तो उबेची जागा अडवत होता. शेपटी उंच करून सावकाश हलवायचा, त्याचा तर मी व्हिडिओ काढला. ती धमकी होती. लहान्याची शेपटी दोन महिन्यांपासून बारीक होत होती. यांची चरबी तिथेच साठते, हे मला ठाऊक होतं. तरी म्हटलं, पावसाळ्यात भूक मंदावली असेल.

पडवीतल्या ट्यूबलाइटजवळ दोन पाली रोज भांडतात. हरलेली वाशावरून पळते, कौलांत शिरते, तासाभरानं दुसऱ्या भिंतीवर किडे टिपत असते. माझ्या टाकीची लांबी तीन फूट. पळून पळून तो जाणार कुठे?

आईनं पंचांग काढून पल्लीपतनाचं, म्हणजे अंगावर पाल पडल्याचं, फळ पाहिलं. नुसती शेपटी पडली तर काय, ते त्यात नाही. मग तिनंच पापडांचा मोठा प्लास्टिकचा डबा रिकामा करून दिला. त्याला भोकं पाडली, वाळू न घालता टिश्यूपेपर अंथरला, म्हणजे जखम चिघळणार नाही. नवी शेपटी येईल, पण मुळ्यासारखी जाड आणि गुळगुळीत. आधीचे काळे पट्टे गेले ते गेलेच.

दुसरी हीटमॅट मागवली आहे, या पावसात कधी पोचेल ती पोचो. आहे ती लहान्याच्या डब्याखाली. मोठ्याला गरम पाण्याची बाटली, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून.

रात्री नऊ. लहान्यानं एक रातकिडा खाल्ला. काचेला नाक लावून मोठ्या त्याच्याकडेच बघत होता, म्हणून मध्ये पुठ्ठा उभा केला.